लिहून झाल्यावरचा गुरू

कापूरहोळच्या फाट्यावर एसटी थांबली की माणसं तीन वाटांनी पांगतात. काही भोरला, काही नारायणपूर-सासवडला, उरलेली केतकावळ्याच्या बालाजीला. पौर्णिमेला नारायणपूरच्या दत्ताला जाणाऱ्यांमुळे फाट्यावर उभं राहायलाही जागा मिळत नाही. आपण चहाला उतरलो ते गाव धाराऊचं आहे, हे त्या गर्दीतल्या फार थोड्यांना ठाऊक असतं. १६५७ मध्ये पुरंदरावर संभाजीराजे जन्मले. सईबाईंची प्रकृती साथ देईना, तेव्हा बाळाला अंगावर पाजायला कापूरहोळच्या गाडे पाटलांच्या घरातली धाराऊ गडावर गेली. दोन वर्षांनी सईबाई राजगडावर वारल्या. धाराऊचे मुलगे, अंतोजी आणि रायाजी, पुढे संभाजीराजांच्या चाकरीत राहिले. इतिहास तिच्याबद्दल साधारण एवढंच बोलतो आणि पुढे निघून जातो.

मी या पट्ट्यात बरीच वर्षं मराठी शिकवलं. निवृत्तीनंतरही लिहिणारी पोरं घरी येतात, वह्या ठेवून जातात. त्यातल्या एका मुलीने धाराऊवर कथा लिहून आणली. अकरा पानं. पहिली दोन पानं सह्याद्रीच्या रांगा, पुरंदरावरचं चांदणं आणि वाऱ्याची शीळ यांत गेलेली. मग धाराऊ रडते. पालखीत बसताना रडते, गडाच्या दारात रडते, बाळ हातात घेताना पुन्हा रडते. शेवटच्या पानावर ती स्वराज्याविषयी भाषण करते. कथा वाचून मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, ‘‘बाई, मला माहितीय ती जमली नाही. मोठ्या लेखकांनी गोष्ट कशी लिहायची ते सांगून ठेवलंय ना? त्यातलं एखादं पुस्तक द्या. ते वाचते आणि मग नव्याने लिहिते.’’

तिला तेव्हा मी पुस्तक दिलं नाही. का दिलं नाही, हे तिला धड सांगताही आलं नाही. त्या दिवशी तोंडातून न निघालेलं उत्तर इथे मांडते आहे. मराठीत लिहू पाहणाऱ्या प्रत्येक पोराच्या मनात हा प्रश्न असतो, आणि आपण त्याला दोन टोकांची दोन आयती उत्तरं देऊन वाटेला लावतो.

पहिलं उत्तर असं की लेखक घडवता येत नाही. प्रतिभा देवाघरची देणगी, असली तर आहे, नसली तर नाही. हे मला कधीच पटलं नाही. ज्या समाजात कुस्ती तालमीत वस्तादाकडे शिकतात, गाणं गुरूसमोर वर्षानुवर्षं बसून शिकतात, नारदीय कीर्तनाचा पूर्वरंग आणि उत्तररंग पाठ करूनच कीर्तनकार गादीवर उभा राहतो, त्या समाजात गोष्ट लिहिणाऱ्यानेच तेवढं पोरकं का असावं? मल्लाच्या अंगात रग लागते, गवयाला गळा लागतो. तरी त्यांना कुणी ‘जा, तुला येईल आपोआप’ असं म्हणत नाही. सासवडजवळच्या कोडीत गावी जन्मलेले आचार्य अत्रे राम गणेश गडकऱ्यांना जन्मभर गुरू म्हणत राहिले. अत्र्यांची प्रतिभा काही कमी होती म्हणून त्यांना गुरू लागला, असं कोण म्हणेल?

दुसरं उत्तर याच्या उलट: कथेचं एक शास्त्र आहे, ते शिकून घ्या आणि लिहायला बसा. मराठीत हे उत्तर सर्वांत ठामपणे दिलं ते ना. सी. फडके यांनी. त्यांचं ‘प्रतिभासाधन’ १९३१ मध्ये आलं. नावातच पुस्तकाचा दावा आहे: प्रतिभा ही साधण्याची गोष्ट आहे. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकवणाऱ्या या माणसाने कथा-कादंबरीचे अवयव सुटे करून टेबलावर मांडले. कथानक कसं गुंफायचं, पेच कुठे टाकायचा, तो कधी सोडवायचा, माणसं कशी उभी करायची, निवेदन कुणाच्या तोंडी द्यायचं, वाचकाची उत्कंठा कशी राखायची. त्याआधी मराठीत कादंबरीवर लिहिलं गेलं नव्हतं असं नाही. राजवाड्यांचा ‘कादंबरी’ हा निबंध १९०२ चा आहे. पण राजवाडे कादंबरी कशी असावी हे सांगत होते. ती कशी करावी, हे नवशिक्याच्या शेजारी बसून सांगणारे फडकेच.

फडक्यांची टिंगल करणं आता फार सोपं झालं आहे. ‘कलेसाठी कला’ विरुद्ध ‘जीवनासाठी कला’ या वादात खांडेकर दुसऱ्या बाजूला होते. शाळेत तो वाद आपण इतक्या वेळा गिरवला की फडके म्हटलं की गुळगुळीत प्रेमकथा एवढंच आठवतं. मला मात्र त्यांच्याबद्दल कृतज्ञता वाटते. लेखन हे काम आहे, त्यात हत्यारं लागतात आणि हत्याराला धार लावता येते, हे त्यांनी न लाजता सांगितलं. दैवी स्फूर्तीच्या धुक्यातून कथा बाहेर काढून त्यांनी ती सुताराच्या बाकावर ठेवली. खेड्यातल्या, घरात एकही पुस्तक नसलेल्या मुलाला या विचाराने केवढा धीर येतो, ते शहरातल्या पुस्तकांच्या घरात वाढलेल्याला कळणं कठीण आहे.

पण त्याच पुस्तकाने माझं काय केलं, तेही सांगायला हवं. एकोणिसाव्या वर्षी मी ते वाचनालयातून आणलं, त्यावरून वहीत टिपणं काढली आणि टिपणांवरून गोष्ट रचायला बसले. आधी पेच ठरवला, मग पेचात अडकायला दोन माणसं आणली, मग उत्कर्ष कुठे यायचा त्या पानाचा आकडा ठरवला. सगळं जिथल्या तिथे बसलं. गोष्टीत एकही माणूस जिवंत नव्हता. आमच्या गल्लीत तेव्हा एक बाई रोज पहाटे नवऱ्याच्या आधी उठून दाराबाहेर त्याच्या चपला सरळ करून ठेवायची आणि त्याच्याशी अकरा वर्षं एक शब्द बोललेली नव्हती. ती मला रोज दिसत होती. माझ्या गोष्टीत तिला जागाच नव्हती, कारण तिचा पेच सुटत नव्हता. तो सुटणार नव्हता हीच तिची कथा होती.

तंत्राच्या पुस्तकाची खरी अडचण मला इथे दिसते. तंत्र कुठल्या तरी जगातून उचललेलं असतं, आणि मग ते सगळ्या जगांना लागू आहे असं सांगितलं जातं. पेच पडतो, वाढतो, सुटतो, हा आकार त्या माणसांच्या आयुष्याला बसतो ज्यांचे पेच सुटू शकतात. बाबूराव बागूल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह १९६३ चा. त्याच नावाच्या कथेत रेल्वेच्या नोकरीसाठी परगावी गेलेला तरुण जात लपवून राहतो; जात कळते आणि मार बसतो. या गाठीची उकल लेखकाच्या हातात नाही, तंत्राच्या तर मुळीच नाही. तिथे नीटस उकल शोधणारा लेखक खोटं लिहील. त्याच १९६३ मध्ये नेमाड्यांची ‘कोसला’ आली. तिने कादंबरीच्या ठरीव बांधणीला धक्का दिला, आणि पुढच्या दोन पिढ्यांनी तिच्यावरून भलताच धडा घेतला की तंत्र टाकून दिलं की झालं. ‘कोसला’ ज्यांनी नीट वाचली आहे त्यांना ठाऊक आहे की तिच्यात रोजनिशी आहे, इतिहासाच्या भाषेची नक्कल आहे, सुरांची पक्की योजना आहे. ते तंत्र तिच्या निवेदकाच्या, पांडुरंग सांगवीकरच्या, बोलण्यातून उगवलेलं आहे, म्हणून ते वेगळं दिसत नाही. टाकून देण्यासाठी आधी काहीतरी हातात असावं लागतं.

मग लेखकाने मोठ्या लेखकाकडून शिकायचं ते काय आणि कधी? या ‘कधी’वर माझा सगळा भर आहे.

अंतोन चेखव्हचा सल्ला जगभर लिहिणाऱ्यांना सांगितला जातो. त्याने कथालेखनावर पुस्तक लिहिलं नाही. जे आहे ते बहुतेक पत्रांत विखुरलेलं आहे, आणि ती पत्रं कुणाला, कशासाठी लिहिली गेली ते पाहिलं की एक गोष्ट लक्षात येते. लिडिया अविलोव्हाने आपली कथा त्याला वाचायला पाठवली होती. तेव्हा त्याने कळवलं की दुःखी माणसांविषयी लिहून वाचकाला हलवायचं असेल तर लिहिताना तुम्ही जरा थंड राहा, म्हणजे त्या दुःखाला मागे पार्श्वभूमी मिळते. गॉर्कीच्या कथा छापून आल्या होत्या. १८९९ मध्ये चेखव्हने त्याला सांगितलं की मुद्रितं वाचताना विशेषणं आणि क्रियाविशेषणं जमतील तेवढी खोडा. माणूस गवतावर बसला एवढं म्हटलं की वाचकाला दिसतं, त्या माणसाला आणि गवताला पाचसहा विशेषणं लावली की दिसेनासं होतं. बुनिनने आठवण लिहून ठेवली आहे की कथा लिहून झाली की तिची सुरुवात आणि शेवट खोडावा, लेखक सर्वांत जास्त खोटं तिथेच बोलतो, असं चेखव्ह म्हणत असे. मे १८८६ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, त्याने थोरल्या भावाला, अलेक्सांद्रला, सहा अटी लिहून पाठवल्या. लांबलचक राजकीय-सामाजिक प्रवचन नको, तटस्थता हवी, माणसांचं आणि वस्तूंचं वर्णन खरं हवं, अतिशय थोडक्यात हवं, ठरीव साचा टाळण्याचं धाडस हवं, आणि शेवटची अट सहृदयतेची. हे पत्र मात्र अजून व्हायच्या कथेबद्दल होतं. तरी त्या यादीतही काय टाळायचं याचंच वजन जास्त आहे.

बाकी सगळा सल्ला लिहून झालेल्या मजकुरावर दिलेला आहे. समोर पानं आहेत, त्यांवर बोट ठेवून तो बोलतो आहे. कोऱ्या कागदासमोर बसलेल्या माणसाला हे सांगण्यात काही अर्थ नाही. विशेषण खोडायचं तर ते आधी लिहिलेलं हवं. शेवट कापायला गोष्ट शेवटापर्यंत गेलेली हवी. थंड राहायला आत काहीतरी पेटलेलं हवं. ज्याच्या आत काहीच नाही तो थंड राहिला तर सगळंच थंड पडेल. म्हणून मला वाटतं, मोठ्या लेखकाचा सल्ला लिहायला बसण्याआधी वाचायचा नसतो. आपलं लिहून झालं, चार दिवस वही मिटून ठेवली, आणि मग ती परकी वाटू लागली की उघडायचा. पहिला खर्डा आपण एकट्याने करावा, अडाणीपणाने करावा. गुरूला दुसऱ्या खर्ड्याच्या वेळी घरात घ्यावं.

माझ्या त्या विद्यार्थिनीच्या अकरा पानांवर हे करून पाहिलं. पंधरा दिवसांनी ती आली तेव्हा मी तिला चेखव्हच्या पत्रांतलं वर सांगितलं तेवढंच सांगितलं, आणि पेन तिच्याच हातात ठेवलं. तिने पहिली दोन पानं स्वतः खोडली. चांदणं गेलं, वाऱ्याची शीळ गेली. शेवटचं भाषण खोडायला मात्र ती तयार होईना. स्वराज्याचं बोलणं काढून टाकणं तिला अपराध वाटत होतं. मी तिला विचारलं, ‘‘धाराऊ गडावर गेली तेव्हा तिच्या अंगावर दूध का होतं?’’ ती गप्प झाली. दूध होतं, म्हणजे तिलाही तान्हं होतं. ते कुठे होतं? गडावर बरोबर नेलं होतं की कापूरहोळला ठेवलं होतं? ठेवलं असेल तर कुणी पाजलं? अकरा पानांत ही ओळ नव्हती. तिच्या जागी रडणं भरलेलं होतं.

या एका प्रश्नात जे आहे ते कुठल्याही तंत्राच्या पुस्तकात सापडणार नाही, कारण तो प्रश्न फक्त धाराऊचा आहे. पण सापडायला आधी अश्रू खोडावे लागले, आणि अश्रू खोडायचं सुचायला चेखव्ह लागला. सल्ल्याचं काम तेवढंच: दार अडवून बसलेलं सामान हलवणं. आत कोण आहे ते त्याला माहीत नसतं.

शिवाजी सावंतांच्या ‘छावा’त, १९७९ मध्ये आलेल्या, धाराऊ आहे. २०२५ मध्ये त्याच नावाचा हिंदी चित्रपट आला आणि आमच्या भागातल्या पोरांना संभाजीराजांवर लिहायची लाट आली. त्यातल्या बहुतेक वह्या मी वाचल्या आहेत. सगळ्यांच्या लेखणीत एकच आवाज आहे, ढोलाचा. यात त्यांची चूक नाही. त्यांनी जे मोठ्याने ऐकलं तेच मोठ्याने लिहिलं. मोठ्या लेखकाचा सल्ला आणि मोठ्या लेखकाची छाप यांत फरक आहे, आणि नवशिक्याला छापच आधी पकडते. सल्ला छापेवरचा उतारा होऊ शकतो, जर तो वेगळ्या लेखकाचा असेल. शिवकाळावर लिहिणाऱ्या पोराने चेखव्हसारख्या रशियन डॉक्टरचं ऐकावं, हे म्हणूनच मला योग्य वाटतं.

पण सल्ल्याचाही साचा होतो, आणि हे स्वतः चेखव्हला ठाऊक होतं. भावाला लिहिलेल्या त्याच पत्रात त्याने सांगितलं होतं की चांदण्या रात्रीचं लांब वर्णन करू नकोस, बंधाऱ्यावर पडलेल्या फुटक्या बाटलीची काच चमकताना दाखव, रात्र दिसेल. दहा वर्षांनी, ‘सीगल’ नाटकात, हीच फुटकी बाटली त्याने एका तरुण, अपयशी लेखकाच्या तोंडी घातली. तो तरुण हताश होऊन म्हणतो की नाटकातल्या दुसऱ्या, नामांकित लेखकाचं बरं आहे, त्याने आपल्या हातखंडा पद्धती ठरवून ठेवल्या आहेत. एक फुटकी बाटली आणि पाणचक्कीची सावली ठेवली की त्याची रात्र तयार. मला हे वाचून दरवेळी थांबायला होतं. स्वतःच्या सर्वांत चांगल्या सल्ल्याकडे त्याने परक्याच्या नजरेने पाहिलं, आणि त्यात सापळा आहे हे दाखवून ठेवलं. आज कापूरहोळच्या पोराने आपल्या कथेत फुटकी बाटली ठेवली तर ती चेखव्हची बाटली होईल. त्याला भाटघरच्या पाण्यावर काय चमकतं ते जाऊन पाहावं लागेल.

इथे मला समर्थ रामदासांची आठवण होते. भोरवरून वरंध घाट उतरून महाडकडे गेलं की शिवथरघळ लागते. दासबोध तिथे सांगितला गेला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला असं परंपरा मानते. त्या ग्रंथाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास लेखनक्रियेवर आहे. लेखनाचा उपदेश म्हणून मी तो पहिल्यांदा वाचायला घेतला तेव्हा निराश झाले होते, कारण त्यात स्फूर्ती, रस, अलंकार यांतलं काहीच नाही. अक्षर वळणदार आणि सुटं काढा, ओळी सरळ ठेवा, मोकळी जागा कुठे किती सोडा, कागद कापायला काय हवं, लेखणी कशी, शाई कशी. आणि ग्रंथ संपेपर्यंत अक्षर असं एकसारखं ठेवा की सगळं एका टाकाने उतरलं असं वाटावं. आता मात्र तो समास मला फार मोठा वाटतो. ज्याने हजारो ओव्या रचल्या त्याने लिहिणाऱ्याला प्रतिभेबद्दल एक शब्द न सांगता हाताबद्दल सांगितलं. जे शिकवता येतं तेवढंच त्याने शिकवलं. बाकीचं त्याने वाचणाऱ्यावर सोडलं, आणि त्या सोडण्यात मला मोठा विश्वास दिसतो.

फडक्यांची चूक झाली असेल तर ती इथे. त्यांनी हाताचं शास्त्र सांगता सांगता डोळ्यांचंही सांगितलं.

मराठीत एक काळ असा होता की गुरू दुसऱ्या खर्ड्यालाच यायचा. ‘सत्यकथा’ मासिक १९३३ मध्ये सुरू झालं आणि १९८२ मध्ये बंद पडलं. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्यासारखे संपादक लेखकाला सविस्तर पत्रं लिहीत, कुठे कथा हातातून सुटली ते सांगत, परत लिहायला लावत. गाडगीळ, अरविंद गोखले, व्यंकटेश माडगूळकर यांची नवकथा वाढली त्या काळात या पत्रांचा वाटा किती होता ते मोजता येणार नाही, पण तो होता याबद्दल मला शंका नाही. आज लेखकाला छापायला जागा भरपूर आहे; त्याच्या पानावर बोट ठेवणारा माणूस मिळत नाही. माझ्याकडे येणाऱ्या पोरांची हीच सर्वांत मोठी गरज आहे.

अर्थात त्या बोटालाही जात आणि वर्ग असतो. १९६९ मध्ये लघुअनियतकालिकांच्या तरुण लेखकांनी ‘सत्यकथे’चा अंक जाळला, त्यामागे राग होता, आणि तो राग निव्वळ उर्मटपणाचा नव्हता. कुठली भाषा कथेची आणि कुठली नाही, हे ठरवणारी अभिरुची एका छोट्या वर्तुळातली होती. ज्याच्या घरची बोली त्या वर्तुळाबाहेरची, त्याला ‘इथे परत लिहा’ म्हणजे ‘आमच्यासारखं लिहा’ असं ऐकू यायचं. माझ्याही हातून हे झालं आहे. एका मुलाच्या कथेत आजी आवणीला जाताना ‘चिखुलात’ म्हणते, ते मी लाल शाईने ‘चिखलात’ केलं होतं. त्याने मुकाट्याने दुरुस्त केलं, आणि पुढच्या कथेत त्याच्या आजीने तोंडच उघडलं नाही. मी ते वर्षभराने ओळखलं. सल्ला देणाऱ्याने दुसऱ्याच्या आजीच्या तोंडाला हात लावू नये, हे मला त्या मुलाने शिकवलं.

माडगूळकरांचं उदाहरण मला म्हणूनच महत्त्वाचं वाटतं. शाळा अर्धवट सुटलेला माणदेशचा मुलगा. हट्टाने इंग्रजी वाचायला शिकला, स्टाइनबेक वाचला, लियम ओ’फ्लॅहर्टी वाचला. परदेशी लेखकांचं इतकं वाचूनही १९४९ च्या ‘माणदेशी माणसं’मध्ये एकही परदेशी माणूस शिरला नाही. त्याने त्या लेखकांकडून काय घेतलं असेल? माझा अंदाज असा की त्याने परवानगी घेतली. कॅलिफोर्नियातल्या शेतमजुरांवर आणि आयर्लंडच्या खेडुतांवर इतक्या गंभीरपणे लिहिता येतं, तर आपल्या धनगरांवर का नाही? १९५५ च्या ‘बनगरवाडी’त तरुण मास्तर धनगरांच्या वाडीत शाळा चालवायला येतो, गावकऱ्यांच्या कष्टाने तालीम उभी राहते, आणि मग दुष्काळ पडतो. माणसं मेंढरं घेऊन निघून जातात, वाडी रिकामी होते. लेखक तिथे एक हुंदकाही देत नाही. चेखव्हने अविलोव्हाला जे कळवलं होतं, ते इथे माणदेशच्या मातीत आपसूक आलेलं दिसतं. ते वाचून जे शिकता येतं ते पन्नास सल्ल्यांतून मिळणार नाही, कारण इथे सल्ला आणि गोष्ट वेगळी काढता येत नाहीत.

तसंच हरिभाऊंचं. १८९० मध्ये ‘करमणूक’ सुरू करणाऱ्या हरी नारायण आपट्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो!’ यमूच्या तोंडून सांगितली. पुरुष लेखक, बाईचा आवाज, आणि तोही प्रौढ विदुषीचा नाही, घरातल्या मुलीचा. माजघरात काय ऐकू येतं, ओसरीवरचं किती कळतं, कुठलं दार कुणासाठी बंद होतं, हे सगळं त्या एका निवडीतून आपोआप ठरलं. गोष्ट कोण सांगतं हे ठरलं की अर्धी गोष्ट लिहून झालेली असते. हे हरिभाऊंनी नियम म्हणून कुठे मांडलेलं नाही, करून दाखवलं आहे.

त्या मुलीला मी शेवटी पुस्तक दिलं ते हेच, ‘पण लक्षात कोण घेतो!’. कथालेखनाचं मार्गदर्शन म्हणून नव्हे. तिच्या खर्ड्यात निवेदक कोण आहे, हे तिचं तिलाच विचारायला.

गेल्या महिन्यात तिचा चौथा खर्डा आला. आता ती कथा साडेचार पानांची आहे. गड त्यात फक्त एकदा येतो, लांबून, उगवतीच्या अंगाला. सांगणारी धाराऊ नाही. तिची जाऊ आहे, कापूरहोळच्या घरात राहिलेली. तिच्या ओटीत धाराऊचं तान्हं आहे आणि तिचं स्वतःचंही एक पोर आहे, जरा मोठं, नुकतं दुधावरून तोडलेलं. ती दोघांना घेऊन बसते. पोराला पुन्हा अंगावर घ्यावं लागतं म्हणून तिला राग आहे, आणि आपला राग कुणाला सांगायचा नाही हेही तिला कळतं, कारण घरचं माणूस राजाच्या लेकराला पाजायला गेलंय. स्वराज्य हा शब्द कुठे नाही. तिसऱ्या पानावर एक वाक्य मला खटकलं, जरा जास्त सुंदर होतं. मी पेन उचललं, मग खाली ठेवलं आणि तिला म्हटलं, ‘‘हे मोठ्याने वाच.’’

तिने वाचलं. मधेच थांबली. ‘‘हे ती म्हणणार नाही, बाई,’’ म्हणाली, आणि माझ्या टेबलावरचं पेन घेऊन तिने ते वाक्य खोडलं.